सावडीचा अर्धा दिवस

माझा एक अर्धा दिवस कशेडी घाटाच्या पायथ्याशी राहिलाय. आठ वर्षं झाली त्याला. अश्विन सरत आला, महाडच्या एसटी स्टँडवर पहाटेचं धुकं उतरायला लागलं आणि दुपारी मात्र डोकं भाजून काढणारं ऊन पडायला लागलं, की तो अर्धा दिवस मला हाक मारतो. यंदा जरा जास्तच मोठ्यानं मारली. मे महिन्यात मी निवृत्त झाले आणि दिवाळीनंतर मुलाकडे पनवेलला कायमचं राहायला जायचं ठरलं. सामान बांधताना माणसाला काय काय आठवतं! पितळेचे डबे, गॅसचं पुस्तक, कुणाला तरी दिलेली आणि परत न आलेली इडलीची भांडी. मला सगळ्यात आधी आठवला तो अर्धा दिवस. म्हटलं, बाई गं, हा पुरा केल्याशिवाय महाड सोडायचं नाही.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, या वयात भात कापायला जाणारेस? कंबर धरली म्हणजे?"

"कंबर माझी आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. स्वभावाला औषध नाही, असं माझ्याबद्दल शाळेतही बोलत असत. पाठीमागे बोलत, पण मला ऐकू यायचं.

मी महाडच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराची मुलगी. तांदूळ मी पाहिला तो गोणीत, आणि भात पाहिला तो ताटात. पोलादपूरच्या पुढच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, रोज एसटीच्या खिडकीतून ती खाचरं पाहिली. जूनमधली चिखलाची, ऑगस्टमधली हिरवी, आणि ऑक्टोबरमधली ती पिवळी, ज्यांच्यावरून सकाळचं धुकं उठता उठत नाही. धुक्यातून एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बस दिवे लावून यायच्या, रात्रपाळीची माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली. त्यांची झोप आणि ते पिवळं शेत, दोन्ही एकाच काचेत दिसायचं. मला वाटायचं आपल्याला सगळं दिसतंय. खिडकीतून काय दिसणार, कपाळ!

अर्थशास्त्र आमच्या शाळेत भूगोलाच्या शेपटाला बांधलेलं होतं. परीक्षा तोंडावर आली की उरकायचे चार धडे. त्या वर्षी मुख्याध्यापक एक पत्रक घेऊन आले. माध्यमिक शाळांसाठी जिल्ह्याची अर्थशास्त्र स्पर्धा. प्रकल्प लिहायचा, तो उभं राहून मांडायचा, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. आधी तालुका, मग अलिबागला अंतिम फेरी. "शेटेबाई, एक तरी नाव पाठवा हो," मुख्याध्यापक म्हणाले. "दर वेळी यादीत आपल्या शाळेच्या नावापुढे रेघ असते."

मी नववीच्या वर्गात गेले आणि विचारलं, हातात पैसा नसेल तर शेती होईल का? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, नाही होणार. तिसऱ्या बाकावरून, खिडकीकडून, आवाज आला, "होते की, बाई. सावडीनं होते."

ती सायली. वर्षभरात तिनं स्वतःहून उच्चारलेलं बहुधा ते पहिलं वाक्य. बारीक चणीची, दोन वेण्या घट्ट बांधलेली, बोलताना बाकाच्या कडेला नखानं खरवडणारी. वरच्या वाडीतून चालत यायची. मी म्हटलं, सांग बघू काय असतं ते. तर ती सांगायला लागली. आज सगळी वाडी तुमच्या शेतात, उद्या सगळी आमच्या शेतात. तुमच्याकडून दोन माणसं आली तर आमच्याकडून दोन जायची. दिवसाला दिवस. कुणी मजुरी मागत नाही, कुणी देत नाही. जेवण ज्याचं शेत त्याचं. बोलता बोलता तिचं नख थांबलं होतं.

तिनं प्रकल्पाला नाव दिलं होतं 'आमची सावड'. मी ते खोडून 'ग्रामीण श्रमविनिमय : एक अभ्यास' केलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, फक्त "बरं" म्हणाली. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पण तेव्हा मला वाटलं होतं, वा, काय भारदस्त झालं!

तालुक्यात ती पहिली आली. अलिबागचं पत्र आलं, तारखेसकट. शाळेत एवढा आनंद, की शिपायानं न सांगता सगळ्यांना चहा आणला. आणि दुसऱ्या दिवशी सायली खाली मान घालून माझ्या टेबलाशी उभी राहिली. "बाई, मला येता यायचं नाय."

मी तणतणतच वाडीवर गेले. चढण कसली, जीव मेटाकुटीला आला. सायलीचे वडील तेव्हा कतारला गाडी चालवायला होते. घरात ती आणि तिची आई, रंजना. रंजना अंगण शेणानं सारवत होती. खळं तयार करायचं चाललं होतं. हात धुऊन आली, पाट दिला, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मग शांतपणे म्हणाली, "त्या दिशी धाकूआजाची कापणी हाय, बाई. आमच्याकडं त्यांची दोन माणसं आली हुती. आमच्याकडनं दोन जायाला हवीत. मी आनि सायली."

"एक दिवस पुढे ढकला ना कापणी!"

तिनं फक्त हात वर करून महाबळेश्वरच्या बाजूला दाखवलं. डोंगरावर ढग जमून बसले होते. त्या दिवसांत परतीचा पाऊस रोज दुपारी तिकडून यायचा. पिकून वाकलेलं भात एकदा भिजून आडवं झालं, की दाणा शेतातच मोड धरतो. हे मी स्वतः सातवीला शिकवत होते.

मग मी ती घोडचूक केली. पर्स उघडली आणि म्हणाले, "एक मजूर लावा तिच्या जागी. काय होतील ते मी देते."

रंजनाचा चेहरा, काय सांगू, दार लावून घ्यावं तसा झाला. ओसरीवर धाकूआजा स्वतः बसलेला होता, हातातली तंबाखू मळायचा थांबला. सत्तरीचा, काटक, कानात जुनी बाळी. तो म्हणाला, "पैशाचा मानूस सावडीत नाय चालत, बाय. त्यो काम करल नि जाईल. त्याच्या घरी मंग कोन जानार?"

आणि सायली, जी माझ्यासमोर कधी मान वर करत नसे, ती हळूच म्हणाली, "बाई, हे प्रकल्पात हाय. पान चारवर."

माझंच हस्ताक्षर होतं त्या पानावर. शुद्धलेखन मीच तपासलेलं. इतकी फजिती माझी आयुष्यात झाली नव्हती. अशा वेळी शहाणी माणसं गप्प बसतात. मी काय म्हणाले? "ठीक आहे. मग तिच्या जागी मी येते."

सगळे हसले. धाकूआजा तर खोकला लागेपर्यंत हसला. "ह्या? चष्मा लावून?" तो म्हणाला. झालं! मी म्हणाले, "चष्मा लावूनच. पैसे घेत नाही, देत नाही. शेटेबाई सायलीची बदली म्हणून येणार. चालतं का सावडीत?" धाकूआजानं रंजनाकडे पाहिलं, रंजनानं सायलीकडे, आणि सायलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला मागे फिरायला वाटच उरली नाही. खाली उतरताना जीभ चावली, पण उशीर झाला होता.

अशा रीतीनं, सायलीला गणिताच्या सरांबरोबर अलिबागच्या गाडीत बसवून मी उलट्या दिशेला गेले. माझी विद्यार्थिनी जिल्ह्यासमोर उभी राहणार होती आणि तिला घडवणारी (असं मी तेव्हा समजत होते) बाई रंजनाची जुनी साडी खोचून खाचरात वाकली होती.

तो दिवस मला सलग आठवत नाही. स्वप्न आठवावं तसा तुकड्यांनी आठवतो. दवानं भिजलेली पाती पोटरीला लागायची. विळ्याचा तो करकर आवाज, वीस विळ्यांचा एकदम, आणि मधेच सगळे थांबले की ऐकू येणारा दूरचा घाट, चढणीला लागलेल्या ट्रकांचा. आता बोगदा झालाय, ट्रक तिकडून जातात, तो आवाज पातळ झालाय. आमच्या पुढे पुढे चतुर उडायचे, मागे मागे बगळे यायचे, जसे काही तेही सावडीतलेच. पिकल्या भाताला एक वास असतो, गोडसर, उबदार, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा. मी वीसबावीस वर्षं त्याच्या शेजारून गेले आणि खिडकीची काच लावून घेतली, धूळ येते म्हणून.

बायका चिडवत होत्या. "बाई, भात कापा, चिमटं नका काडू." "बाई, त्या ओळीला शिक्षा केलीव काय, उभीच ठेवलीव!" पहिल्या तासाला बोट कापलं. रंजनानं कसलासा पाला चुरडून लावला आणि पदराची चिंधी बांधली. त्या दिवशी अंगणात लावून घेतलेलं दार तिथे उघडलं. दुपारी बांधावर तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा आला. इतकं सुंदर जेवण मी कुठल्याच लग्नात जेवले नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

आणि सगळा वेळ कान अलिबागकडे. किती वाजले? तिचा नंबर आला असेल का? बोलताना बाक नसेल, मग नखानं काय खरवडेल? फोनला रेंज फक्त वरच्या बांधावर, ऐनाच्या झाडाखाली मिळायची. मी दर अर्ध्या तासानं विळा टाकून तिकडे धावायचे आणि परत यायचे. धाकूआजा बघत होता.

तीनच्या सुमारास ढग डोंगरावरून सुटले. सगळे जीव खाऊन भारे बांधायला लागले, आणि त्याच वेळी झाडावर ठेवलेला माझा फोन वाजला. मी चिखलातून पळाले, एक चप्पल तिथेच राहिली. पलीकडे सर ओरडत होते, "बाई, दुसरी! जिल्ह्यात दुसरी!"

मला रडू आलं. लपवत नाही. मी झाडाखालून हात वर करून ओरडले, "सायली दुसरी आली!" आणि वीस माणसं डोक्यावर भारे घेऊन जिथल्या तिथे उभी राहिली. रंजनाच्या डोक्यावरचा भारा थरथरत होता. धाकूआजा खालून ओरडला, "दुसरी? मंग पयली कोन?"

"अलिबागची!"

"ती काय, घरात बसून आली. आमची लांबून गेली!" तो म्हणाला, आणि बांधावर एकच हशा उठला. भारे तसेच डोक्यावर, वर काळं आभाळ, आणि सगळे हसतायत. पहिला थेंब पडायच्या आत शेवटचा भारा धाकूआजाच्या पडवीत गेला.

पहिला नंबर का हुकला ते सरांनी नंतर सांगितलं. तिनं सगळं मांडलं, एकदाही अडखळली नाही. नावही तिनं आपलंच सांगितलं, 'आमची सावड'. माझा श्रमविनिमय अलिबागच्या वाटेतच कुठेतरी टाकून दिलेला. शेवटी एका परीक्षकांनी विचारलं, एखाद्याचा दिवस परत करायचा राहिला तर तुमच्या व्यवस्थेत त्याचं काय होतं? सायली म्हणाली, "माहीत नाही. आईला विचारावं लागेल." सभागृह हसलं. तेवढे गुण गेले.

सत्कार दणक्यात झाला. पोलादपूरच्या स्टँडसमोर फ्लेक्स लागला, त्यात सायलीचे डोळे अर्धे मिटलेले आणि कुठल्याशा पुढाऱ्याचा फोटो तिच्या चौपट. लेझीम झाली. मुख्याध्यापकांनी तिला 'भावी अर्थतज्ज्ञ' म्हटलं आणि मला शाल दिली. ती शाल घेताना माझं बँडेज बांधलेलं बोट सगळ्यांना दिसलं आणि मागून वाडीच्या बायका फिसकन हसल्या. रंजनाला माईकसमोर उभं केलं. ती खूप वेळ माईककडेच बघत राहिली. मग म्हणाली, "भात घरात आलं. पोरगी पन आली. बरं झालं." आणि खाली बसली. टाळ्या मुख्याध्यापकांच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा जास्त पडल्या.

पण खरा सत्कार माझ्या लेखी तो नव्हेच. झोडणी झाल्यावर खळ्यावर भाताच्या राशीची पूजा असते. त्या संध्याकाळी मला रंजनाचा निरोप आला. सारवलेलं खळं, मधोमध सोन्यासारखी रास, हळदकुंकू, नारळ, आणि राशीच्या शेंड्यावर सायलीचा तो करंडक खोचलेला. धाकूआजानं ओंजळभर भात त्यात ओतलं, वर आलेलं हातानं सारखं केलं आणि म्हणाला, "बारका हाय. पुढच्या टायमाला मोठा आन गो." सायली हसली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तिच्या गालाला खळी पडते. वर्षभर समोर बसलेल्या मुलीची खळी मला माहीत नव्हती!

निघताना मी ऐटीत विचारलं, "मग आजोबा, माझा दिवस धरला ना?"

धाकूआजानं मान हलवली. "अर्धा धरला. निम्मा वखत तर तुमी झाडाखाली हुता."

खरंच होतं ते. "पुढल्या वर्षी पुरा करते," मी म्हणाले.

आणि तेव्हापासून हे चाललंय. दर वर्षी निरोप येतो, दर वर्षी मी जाते, आणि दर वर्षी तो अर्धा दिवस राहतोच. एकदा म्हणे गाडी उशिरा आली. एकदा म्हणे मी जेवायला फार वेळ लावला. एकदा तर पाऊस आला म्हणून सगळ्यांचंच काम थांबलं, तरी अर्धा माझ्याच वाट्याचा गेला. मी भांडायचे. ती माणसं हसायची. मधल्या काळात सायली दहावी झाली, महाडला कॉलेजात गेली, चवदार तळ्याजवळच्या माझ्या घरी अभ्यासाला बसायची, मग पुण्याला गेली. आता अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. मुख्याध्यापकांचा शब्द खरा व्हायच्या वाटेवर आहे. रंजनाच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, धाकूआजाला नीट दिसेनासं झालं. माझा हात मात्र सुधारला. आता ओळ धरून कापते मी, कुणी हसत नाही.

यंदा मी पहिल्या गाडीनं गेले. कारण मनात पक्कं होतं, आज तो अर्धा दिवस संपवायचा आणि मोकळ्या मनानं पनवेलला जायचं. सायली सुट्टीला आलेली, माझ्या शेजारच्या ओळीत वाकलेली, वेण्या गेल्या, केस आखूड झालेत. फोन मी मुद्दाम घरीच ठेवला होता. दवात सुरुवात केली ती दिवस कलेपर्यंत वाकलेलीच. भाकरी उभ्यानं खाल्ली. पाठीत कळा येत होत्या, पण सांगते कुणाला? शेवटचा भारा मी माझ्या डोक्यावरून नेला. पडवीत टाकला, घाम पुसला आणि धाकूआजासमोर जाऊन उभी राहिले. तो खांबाला टेकून बसला होता.

"आजोबा, आज पुरा झाला हं माझा. आता मी चालले पनवेलला."

तो आवाजाच्या दिशेनं बघत राहिला. "कायमची जानार म्हनं?"

"हो."

त्यानं सावकाश तंबाखू मळली. मग म्हणाला, "अर्धाच झाला."

माझा पारा चढला. "अहो, उजाडल्यापासून मान वर केली नाही मी! झाडाखाली गेले नाही, बसून जेवले नाही! काय राहिलं आता? सांगा ना, काय राहिलं?" इतकी वर्षं राबून शेवटच्या दिवशीही आपण अपुरेच, याचं मला खरोखर वाईट वाटलं. साठीला आलेली बाई मी, वर्गात नापास झालेल्या मुलीसारखी उभी होते.

रंजना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तो माझ्या हातात दिला, आणि चिंधी बांधली होती तितक्याच हळुवारपणे म्हणाली, "बाई, तुमचा दिस पयल्याच साली पुरा झालाता. पन पुरा म्हनलो असतो, तर तुमी परत कशाला आल्या असत्या?"

सायली दाराशी उभी होती, केसांत भाताचं पातं अडकलेलं. ती हळूच म्हणाली, "बाई, हे उत्तर मला तेव्हा अलिबागला द्यायला हवं होतं."

मी तांब्या तोंडाला लावला. पाणी पिता येईना आणि तांब्या खालीही ठेवता येईना. धाकूआजानं विचारलं, "पनवेलवरनं सकाळची येस्टी हाय ना गो बाय?"

"आहे," मी म्हणाले. मग डोळे पुसले, आणि माझा विळा त्यांच्या पडवीच्या वाशाला खोचून ठेवला, पुढच्या वर्षी हाताला लागेल असा.